हाय-हॅटला चिंच

ड्रमसेट वाजवणाऱ्याला रुडिमेंटचा रियाज नेमका किती लागतो, हा प्रश्न मी माझ्या उस्तादांना पहिल्याच दिवशी विचारला होता. ते नांदेडला पोलीस बँडात साइड ड्रम वाजवून निवृत्त झालेले. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "अजून." मी म्हटलं, उस्ताद, अजून सुरूच कुठं केलाय. तर म्हणाले, तरीपण अजून.

रुडिमेंट म्हणजे हातांची बाराखडी. एक उजवा एक डावा, मग दोन उजवे दोन डावे, मग त्यांची अदलाबदल, मग मोठ्या फटक्याला चिकटून येणारा एक हलका फटका. गाणं नाही, चाल नाही, नुसते हात. करणाऱ्याला वेड लागायची पाळी येते, शेजाऱ्याला तर लागतंच. दोन-दोनच्या फटक्यांना उस्ताद 'आई-बाबा' म्हणायचे. उजव्या हाताची आई, डाव्या हाताचे बाबा. "तुझे बाबा लंगडतायत" असं ते म्हणाले की समजायचं, डावा हात कमी पडतोय. माझे वडील चांगले धडधाकट होते, पण डावा हात मात्र जन्माचा आळशी.

मला हा सगळा प्रकार जुलमी वाटायचा. मी शिकलो होतो जयंतीच्या मिरवणुकीत, बँडवाल्यांच्या मागं चालत, कानानं. कान तयार असला की हात मुकाट्यानं मागं येतात, असं माझं ठाम मत होतं. उस्तादांसमोर ते बोलून दाखवायची छाती नव्हती. काही महिने त्यांच्याकडं कसेबसे काढले आणि मी परत घरी, लातूरला पळ काढला.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या मागं त्यांचे कार्यक्रम आले. आम्ही लातूरवाले गंजगोलाईत फिरताना उगाच छाती काढून चालायला लागलो. माझ्या वर्गमित्रानं ऑर्केस्ट्रा काढला होता. तोच गायक, तोच मालक. मी त्याच्या मागं ड्रमसेटवर. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम, पुढं गणपती, माहूरच्या यात्रेला एखादी फेरी, शिवाय लग्नं. रुडिमेंट कोपऱ्यात पडले होते आणि माझं त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं.

कसं अडत नव्हतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमचा गायक अंतरा संपवून मुखड्यावर यायच्या आधी श्वास घ्यायचा, तेव्हा त्याच्या दातांमधून एक बारीकसा सुस्कारा निघायचा. माइकमधून तो सगळ्या मैदानाला ऐकू जात असणार, पण कुणाच्या ध्यानात यायचा नाही. मी त्या सुस्काऱ्यावर वाजवायचो. तो आला की माझा हात उठायचा, आणि मुखडा आणि मी एकदमच उतरायचो. लोक म्हणायचे, यांचं जमतं बुवा. आम्ही दोघंही त्यावर खूश होतो. सुस्काऱ्याचं मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मुद्दाम काढायला लागला असता.

त्याच दिवसांत माझं लग्न झालं. बायको रेणापूरची. पहिले काही दिवस ती म्हणायची, तुमचं वाजवणं म्हणजे नुसती धडधड हाय. नंतर तीच घरी आल्यावर मला सांगायची की आज तिसरं गाणं ढिलं झालं. ढिलं झालेलंच असायचं.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कसंतरी निघालं, दुसऱ्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला आणि आमच्या वस्तीत टँकर यायला लागला. त्याच हिवाळ्यात मला खोकल्यानं धरलं, ताप राहिला, आणि डॉक्टरनं टीबी सांगितला. सरकारी दवाखान्यात रोज एक सुई, महिनोन्‌महिने. बसायची सोय उरली नव्हती, आणि ड्रमर तर बसूनच वाजवतो. माझ्या स्टुलावर उदगीरचा एक ड्रमर आला. तो वाईट वाजवत नव्हता, हेच मला सोसत नव्हतं.

सुयांनी गुण आला. खोकला गेला, अंगावर मांस आलं. पण तालमीला गेलो आणि पहिल्याच गाण्यात मुखड्यावर मागं पडलो. दुसऱ्यातही तेच. चालतानाही झोक जायचा, भिंतीला हात लावावा लागायचा. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, एवढं मोठं दुखणं काढलंय, हात कच्चे पडणारच. मलाही पटलं. न पटायला काय झालं होतं? दंड माझ्या डोळ्यांसमोर काड्यांसारखे झाले होते. आमचा गायक भला माणूस. त्यानं सांगितलं की जिल्हा झाला त्या दिवसाच्या निमित्तानं मोठ्या मैदानावर दुष्काळनिधीचा कार्यक्रम आहे, सगळा जिल्हा लोटणार आहे. तोवर हात आण. "स्टूल तुझंच हाय," तो म्हणाला.

त्या उन्हाळ्यात मला दुसरं काहीही नको होतं. मला ते स्टूल हवं होतं.

एसटीनं नांदेड गाठलं. उस्तादांना दुखण्याचं सांगितलं, रियाजाच्या रबरी पॅडवर हात चालवून दाखवले. ते खाली वाकून माझ्या मनगटांकडं बघत राहिले. "हात कच्चे झालेत, बेटा," ते म्हणाले. "आई-बाबा. रोज. अजून." आणि ते जरा हसले. इतक्या वर्षांनी मी शरण आलो याचा त्यांना आनंद झाला असावा. मला मात्र त्या 'अजून'नं पहिल्यांदाच धीर आला. करण्यासारखं काहीतरी हातात होतं.

टायरच्या रबराचा एक तुकडा फळीवर ठोकला आणि अंगणात बसायला लागलो. सकाळी आई-बाबा, दुपारी आई-बाबा, ऊन उतरल्यावर परत. बायको टँकरच्या रांगेत घागरी लावून उभी असायची, तिथपर्यंत माझा पॅड ऐकू जायचा. रांगेतल्या बायका तिला विचारायच्या, तुमच्यात एवढ्या भाकरी कोण थापून राहिलंय, आम्हाला बी द्या एखादी. ती मला येऊन सांगायची आणि आम्ही दोघं हसायचो. ज्वारी कुणाच्याच घरात एवढी नव्हती.

आणि हात आले. आले म्हणजे असे आले की कधी नव्हते तसे. डावा हात उजव्याच्या तोडीस तोड पडायला लागला. रोल, म्हणजे सलग फटक्यांची लड, असा निघायचा की त्यात फटके उरायचेच नाहीत, एकसंध ताणलेलं कापड वाटायचं. परत नांदेडला गेलो. उस्ताद बराच वेळ हातांकडं बघत बसले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं आता." त्या माणसाच्या तोंडून 'झालं' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. येताना लोह्याच्या पुढं मी एसटीत रडलो, शेजारच्या म्हाताऱ्यानं काही न विचारता मला खिडकीजवळची जागा दिली.

एकच गोष्ट मनाला लागत होती. हाय-हॅट. डाव्या पायाखालच्या पट्टीनं चालतात त्या दोन पितळी थाळ्या, एकमेकींवर मिटतात, उघडतात. पूर्ण गाण्याची शिवण त्यांच्यावर असते. माझ्या थाळ्या पूर्वी कशा स्वच्छ बोलायच्या, आणि आता नुसतं टप टप. मी ठरवून टाकलं की उदगीरवाल्यानं त्या बिघडवल्या. गायकाला तसं बोललोही. तो म्हणाला, छान वाजतायत की. मला वाटलं, हा त्याची बाजू घेतोय.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात तालीम ठेवली. सुरुवातीला मी नुसता रोल काढून दाखवला. कॅसिओवाला उठून उभा राहिला, ढोलकीवाल्यानं कानाला हात लावला. उदगीरवालाही दारात उभा होता, त्याचा चेहरा उतरला, आणि मला ते बघून बरं वाटलं. मग गाणं सुरू झालं. पहिला अंतरा झाला. मी सुस्काऱ्याची वाट बघत होतो. तो आलाच नाही, मुखडाच आला, आणि मी मागून धावत गेलो. दुसऱ्या अंतऱ्याला परत तेच. शेवटी सगळे थांबले आणि मी एकटाच वाजवत राहिलो, स्वच्छ, नेटका, एकही फटका इकडं तिकडं नाही.

गायक वळला नाही. पाठमोराच बोलला. म्हणजे काहीतरी बोलला, मला कळलं नाही. मग वळून परत म्हणाला, "हात झकास झालेत रं. पण तू आमच्यासंगं वाजवून नाही राहिला."

मी भडकलो. सगळं खापर थाळ्यांवर फोडलं. असल्या बहिऱ्या थाळ्यांवर कोण वाजवील म्हणालो, हाय-हॅट स्टँडवरून सोडवली आणि काखेत मारून चालत घरी आणली. बायकोनं थाळ्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या. म्हणाली, काळ्या पडल्यात, चिंच-राखेनं घासते, उद्या बघा कशा बोलतात. पितळेला आवाज चकाकीतूनच येतो, असा तिचा विश्वास होता, आणि त्या वेळी माझाही.

सकाळी तिनं चिंच भिजत घातली. प्यायच्या पाण्यातला एक तांब्या बाजूला काढला, त्या दिवसांत तेही सोपं नव्हतं. ती न्हाणीजवळ घासायला बसली आणि मी तिच्याकडं पाठ करून पॅडवर. मागून नारळाच्या काथ्याचा खसखसाट येत होता, दबका. पण काहीतरी कमी होतं. ती काहीही करायला बसली, पीठ मळो की धुणं धुवो, त्याच्यावर कायम एक दुसरा आवाज असायचा. तो नव्हता.

"बांगड्या काढून का ठेवल्यास?" मी विचारलं. विचारलं कसलं, वसकलोच. नवरा जिवंत असताना बाईचे हात मोकळे बघायला कुणाला आवडत नाही, आणि मी तर मरणाच्या दारातून आलेलो. तिच्या आईनं बघितलं असतं तर हंबरडा फोडला असता. ती मागून काही बोलली. मला नीट कळलं नाही. मी परत विचारलं, जरा आवाज चढवून.

ती उठून माझ्यापुढं आली. राखेनं भरलेले दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर धरले. हिरव्या बांगड्या, पार अर्ध्या हातापर्यंत.

"भरल्या हातानंच घासून राहिले की," ती म्हणाली. "काय बोलून राहिलात?"

तिनं हात हलवले. बांगड्या एकमेकींवर उड्या मारत मनगटाकडं आल्या, परत मागं गेल्या. मी बघत होतो. तिनं परत हलवले, जोरात, माझ्या कानाजवळ नेऊन. राखेचा कण माझ्या गालावर पडला तो कळला. आवाज काहीच आला नाही. मी तिच्याकडं बघितलं तर तिचा चेहरा पालटत चालला होता. मला वाटतं माझ्या आधी तिला कळलं. ती तिथंच खाली बसली.

मी जाऊन थाळ्या उचलल्या. घासलेली बाजू उन्हात डोळ्यावर येत होती. एकीवर एक आपटली. टप. परत आपटली. अजून तशाच आहेत म्हणालो, काही फरक नाही पडला. ती मान हलवत राहिली.

"लई गोड वाजून राहिल्यात," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

दवाखान्यात डॉक्टरनं कानाशी चिमट्यासारखा एक काटा वाजवला, घड्याळ धरलं, मागं उभं राहून बोलला. मग समोर येऊन सावकाश सांगितलं. टीबीच्या सुयांनी जीव वाचवला आणि कानाच्या नसा वाळवल्या. सगळ्यांना होत नाही, काहींना होतं. बारीक आवाज आधी जातात, जाडे मागून. गेलेलं परत येत नाही, आणि राहिलेलं टिकेलच असं नाही. झोक जातो तोही त्यातलाच. मी विचारलं, रियाजानं काही?

चिडायला मी कमी करत नाही, पण चिडायचं कुणावर? त्या सुयांवर चिडावं तर त्यांच्याशिवाय मी चिडायलाही उरलो नसतो. महिनोन्‌महिने मी हातांना दोष दिला होता, उन्हाळाभर त्यांना राबवलं होतं, आणि त्यांची काहीच चूक नव्हती. ते इमानदारीनं तयार होऊन बसले होते. माझ्या हातांची मला तेव्हा जेवढी दया आली तेवढी कुणाची आली नाही.

तरी लगेच सोडलं नाही. गायकाची पाठ बघून वाजवता येतं का, ते तालमीत करून बघितलं. श्वास घेताना खांदे वर जातात, त्याच्यावर नजर ठेवली. पण खांदे उशिरा हलतात. सुस्कारा आधी यायचा. तेव्हा मी स्टिक खाली ठेवल्या आणि गायकाला बाहेर नेऊन सगळं सांगितलं, सुस्काऱ्यासकट. त्याला कानांचं ऐकून धक्का बसला असेलच, पण तो अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत.

"माझ्या श्वासावर वाजवायचास?" तो म्हणाला. "इतकी वर्षं? मला कधी बोलला नाहीस."

आणि एवढा धिप्पाड माणूस, सायकलच्या दांडीवर डोकं टेकून रडला.

कार्यक्रमाला मी गेलो. बायको नको म्हणत होती. आम्ही सतरंजीवर, लोकांत बसलो. मोठ्या ड्रमचा दणका जमिनीतून यायचा आणि माझ्या छातीत बसायचा, तेवढं मला होतं. वरचं सगळं गेलेलं. गायकाचं तोंड हलायचं, लोक टाळ्या वाजवायचे, तळहाताला तळहात लागलेला नुसता दिसायचा. मी उदगीरवाल्याचे हात बघत होतो. त्याचा डावा हात कच्चा होता. त्याचे बाबा चांगलेच लंगडत होते, उस्तादांनी त्याला उभं केलं नसतं. पण गायक थांबला की तो थांबत होता आणि गायकानं उचललं की तो उचलत होता. त्याला ऐकू येत होतं. त्याच्या लंगड्या हातानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. बायकोनं माझा दंड धरून ठेवला होता. मी शेवटपर्यंत बसलो.

पुढं पाऊस पडला, टँकर बंद झाला, आणि मी नांदेडला जाऊन उस्तादांना सांगून आलो. त्यांनी पानाचा डबा बाजूला ठेवला. मग माझ्यासमोर तोंड आणून, मला ओठ दिसतील असं बोलले.

"मी तुझे हातच बघत बसलो, बेटा. एकदा विचारायला पायजे हुतं."

त्यांचं काय चुकलं? हात बघायला मीच त्यांच्याकडं गेलो होतो.

मला नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत काम मिळालं. तिथं ऐकायला काही लागत नाही. ड्रम वाजवणारी तरुण मंडळी अजून कधीकधी घर शोधत येतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की याच्या रोलसारखा रोल लातुरात झाला नाही. समोर बसून सावकाश बोलतात किंवा कागदावर लिहून विचारतात, रुडिमेंट किती करायचे. मी सांगतो, हात आडवे येणार नाहीत इतके. तेवढं झालं की उठा आणि दुसऱ्याच्या जवळ जाऊन बसा. गाणारा श्वास कुठं घेतो ते ऐका. त्यांचं समाधान होत नाही. त्यांना तास पाहिजे असतात. मी त्यांना हात करून दाखवतो, आई-बाबा, आई-बाबा, आणि ते हातांकडंच बघत बसतात.

थाळ्या माझ्याकडंच राहिल्या. गायकानं ऑर्केस्ट्रासाठी नव्या आणल्या आणि या परत मागितल्या नाहीत. दर वर्षी जयंतीच्या आधी घर झाडून झालं की बायको त्या काढायची, चिंच भिजवायची, राख घ्यायची, आणि आरशासारख्या करायची. मग एक थाळी दोरीनं वर धरायची, स्टिकनं हाणायची आणि माझ्याकडं बघायची. "आला का?" सुरुवातीची काही वर्षं खरोखर काहीतरी यायचं, कुठंतरी खोल घासल्यासारखं. मी म्हणायचो, आला. तिचा चेहरा उजळायचा. डॉक्टर काहीही म्हणो, चिंचेवरचा तिचा विश्वास उडाला नव्हता. नंतर ते खोल घासलेलंही गेलं. मी तिचा हात थाळीवर पडताना बघायचो आणि म्हणायचो, आला. ती थाळ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायची.

गेल्या वर्षीही तिनं घासल्या. आता तिचेही केस पिकलेत, घासायला वेळ लागतो. थाळी वर धरली, स्टिक उचलली, हात खाली आला, आणि मी हसून मान हलवली. आला.

तिचा पदर बांगड्यांत अडकला होता. हात मधेच थांबला होता, स्टिक थाळीला लागलीच नव्हती.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं सावकाश पदर सोडवला, स्टिक खाली ठेवली आणि न वाजवताच थाळ्या लुगड्यात गुंडाळल्या. या वर्षी जयंतीच्या आधी घर झाडून झालं. चिंच तिनं भिजत घातली नाही.